निपाणीत मराठी आणि कन्नड बायकांनी एकत्र बसून बघावेत असे सिनेमे सुचवा

निपाणीकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत समाजमंदिराच्या माडीवर बायकांचं एक छोटं वाचनालय चालतं. दुपारची कामं उरकली की बायका येतात. कुणी पुस्तक घेऊन बसते, कुणी सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत बसते, कुणी ब्लाउजांना हुक लावते. एक जण मोठ्यानं वाचते आणि बाकीच्या ऐकतात. आता आमच्यातल्या एकीच्या भावानं वापरातला पण चांगला प्रोजेक्टर दिलाय. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आणि निवड करायचं काम माझ्याकडं आलंय. त्यासाठी तुमची मदत पाहिजे.

आधी बघणाऱ्या कोण ते सांगते, कारण सगळं त्यावर आहे. मराठा घरातल्या बायका आहेत, जैन आणि लिंगायत घरातल्या आहेत, मुसलमान घरातल्या आहेत. बाजारात आम्ही सगळ्या मराठी बोलतो. पण जैन-लिंगायत घरांपैकी बऱ्याच घरांत चुलीपुढची भाषा कन्नड आहे. वयस्कर बायकांना मराठी व्यवहारापुरतं येतं, सिनेमातले भराभर बोललेले संवाद कळत नाहीत. उलट मराठा घरातल्या कितीतरी जणींना कन्नड नुसतं कानावरून गेलेलं.

माझं स्वतःचं घर याचंच उदाहरण. माझं माहेर कागल. सासूबाईंचं माहेर संकेश्वरकडं, त्या माहेरच्या माणसांशी कन्नडच बोलतात. लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. मला कन्नड शिकवलं ते टीव्हीनं. २०१६ साली झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. कोल्हापूरच्या मातीतला पैलवान आणि शिकवणारी बाई, आमच्या गल्लीत त्या वेळेला कुणी कुणाच्या घरी जात नव्हतं. पुढच्या वर्षी झी कन्नडनं तीच गोष्ट 'जोडी हक्की' नावानं केली आणि सासूबाई ती बघायला लागल्या. गोष्ट मला आधीच पाठ, त्यामुळं कोण काय बोलत असेल याचा अंदाज यायचा आणि अंदाजाला शब्द चिकटत गेले. 'तुला पाहते रे' संपली आणि २०१९ मध्ये तिच्यावरून कन्नडमध्ये 'जोते जोतेयली' आली, तोवर मी सासूबाईंशी कन्नडमध्ये वाद घालत होते. त्या म्हणायच्या, पुढचं सांगू नको, मला माझं बघू दे.

म्हणून माझं पक्कं मत आहे की भाषा कळत नाही म्हणून एकत्र बसता येत नाही असं काही नाही. शेजारी बसून सांगणारी असली की झालं. एका महिन्यात मराठी सिनेमा, पुढच्या महिन्यात कन्नड. मराठीच्या वेळी कन्नड बायकांच्या मधे एक सांगणारी बसेल, कन्नडच्या वेळी उलट.

सगळे मला म्हणतात, हिंदी लाव की, सगळ्यांना कळतं. हिंदीशी माझं वैर नाही, हिंदी गाण्यांवरच आम्ही वाढलो. पण हिंदी लावलं की सगळ्यांना थोडं थोडं कळतं आणि कुणालाच आपलं वाटत नाही. आमच्या आज्यांना तर तेवढंही कळत नाही. २०१८ ला 'केजीएफ' आल्यापासून आमची पोरं कन्नड नटाचा सिनेमा कर्नाटकात बसून हिंदीत बघतात, शेजारच्या घरात ज्या भाषेत बोललं जातं ती सोडून. मला ते पटत नाही. जो सिनेमा ज्या भाषेत केला, त्याच भाषेत माझ्या बायकांनी ऐकावा अशी इच्छा आहे.

तर सिनेमे सुचवा. दोन-सव्वादोन तासांच्या आतले असले तर बरं, कारण पाच वाजता पाणी सुटतं आणि बायका उठतात. गोष्टीत बाई महत्त्वाची असावी. रडू आलं तरी चालेल, मारामारी नको. आणि आपल्या भागातल्या, म्हणजे बेळगाव, चिक्कोडी, धारवाडकडच्या माणसांनी काम केलेलं असेल तर मला फार हवंय. पडद्यावरची बाई आपल्या पलीकडच्या गावची आहे हे कळलं की ह्या बायका वेगळ्या नजरेनं बघतील. शेवटचं म्हणजे, असं दाखवायला परवानगी लागते का, हेही कुणीतरी नीट सांगा.

टॉकीजवाले काका, बेळगाव

ताई, तुमचं वाचून लगेच लिहायला बसलो. मी बेळगावात टॉकीजच्या केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. कार्बन जाळून मशीन चालवायच्या काळापासून ते फिल्मचे डबे जाऊन हार्ड डिस्क येईपर्यंत. त्यामुळं तुमच्या प्रश्नावर मला बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आपल्या भागातलं माणूस म्हणताय, तर लांब कशाला जाता? सुलोचनाबाई तुमच्याच. सुलोचना लाटकर. जन्म १९२८ चा, गाव खडकलाट. निपाणीजवळचं खडकलाट! कोल्हापूरला भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या, मराठीत नायिका झाल्या, मग हिंदीत सुनील दत्त, देव आनंद यांच्या आई झाल्या. जून २०२३ मध्ये गेल्या, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन. त्यांचा १९६३ चा 'मोलकरीण' लावा. त्यातली आशाबाईंची गाणी तुमच्या वयस्कर बायकांना अजून तोंडपाठ असतील. मी जुने सिनेमे मॅटिनीला चालवले आहेत. सुलोचनाबाई पडद्यावर आल्या की बायकांच्या बाजूला एकदम शांत व्हायचं. आवाज चढवून रडणाऱ्या नट्या पुष्कळ होत्या. ही बाई गप्प उभी राहायची आणि समोरच्या खुर्च्यांतनं हुंदके यायचे. तसं काम मी परत बघितलं नाही.

दुसरा सिनेमा 'माणूस', प्रभातचा, १९३९ चा, व्ही. शांतारामांचा. हिंदीत 'आदमी' नावानं केला, पण तुम्ही मराठीच दाखवा. त्यात मैनाचं काम केलंय शांता हुबळीकर यांनी. आडनावातच गाव आहे. हुबळीकडची पोर, पुढं कन्नड सिनेमातही काम केलं. कोठ्यावरची बाई आणि साधा पोलीस शिपाई यांची गोष्ट आहे, पण कुठंही ओंगळपणा नाही. त्यातलं त्यांचं जे गाजलेलं गाणं आहे ते एका भाषेत राहतच नाही, कडव्याकडव्याला भाषा बदलते. तुमच्या माडीवर त्या गाण्याला काय होईल ते मला इथं बसून दिसतंय.

आता जरा लांबण लावतो, पण हे तुमच्या बायकांना जरूर सांगा. कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना', १९३४ चा. तो झाला कुठं? कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. बेंगळुरूची नटमंडळी कोल्हापूरला येऊन राहिली, तिथं शूटिंग केलं आणि सिनेमा घेऊन परत गेली. त्याची प्रत आज मिळत नाही, नाहीतर तुम्हाला पहिला तोच लावा म्हणालो असतो. कन्नड बोलपट जिथं जन्मला ते गाव तुमच्या निपाणीपासून एसटीनं तासाभराचं.

आणि धंद्याचं सांगतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात गेलो. नकाशा बदलला, पण सिनेमाच्या धंद्यानं नकाशा बदललाच नाही. हिंदी सिनेमा वाटणाऱ्यांनी देशाच्या टेरिटरी, म्हणजे वाटपाचे विभाग, पाडले आहेत ते इंग्रजांच्या वेळचे. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे सगळं मुंबई टेरिटरीत, गुजरात आणि गोव्याबरोबर, कारण जुना मुंबई इलाखा. गुलबर्गा, बिदर, रायचूर हे निजाम टेरिटरीत, मराठवाड्याबरोबर. बेंगळुरू-म्हैसूर वेगळं. आमच्या केबिनमध्ये एका आठवड्यात मुंबईहून डबे यायचे आणि दुसऱ्या आठवड्यात बेंगळुरूच्या गांधीनगरातून. डब्यावरचा पत्ता बघून कळायचं आज बाहेर कुठल्या गावच्या बैलगाड्या लागणार. तुम्ही एक महिना मराठी, एक महिना कन्नड म्हणताय ते ह्या भागातल्या टॉकीजना मुळीच नवीन नाही.

सांगणारी बसवायची कल्पना तर उत्तम. मुक्या सिनेमाच्या वेळी मधे पाट्या यायच्या, त्या दोन-तीन भाषांत असायच्या, आणि ज्याला वाचता येतंय तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. माझ्या वडिलांनी तसे खेळ बघितले होते. फक्त सांगणारीला एक सूचना द्या. पात्र बोलत असताना बोलायचं नाही, बोलून झाल्यावर एका वाक्यात सांगायचं. आणि गाणं चालू असताना अजिबात नाही.

एक कामाची गोष्ट. स्पीकर प्रोजेक्टरशेजारी ठेवू नका, पडद्याखाली ठेवा. आवाज तोंडाकडून आला पाहिजे, पाठीकडून नव्हे. खिडक्यांना काळं कापड लावा, पांढऱ्या चादरीला मधे शिवण नको. चित्र थोडं फिकट दिसलं तर लोक सांभाळून घेतात, आवाज फुटला तर उठून जातात. जुन्या सिनेमांचा आवाज मुळातच पातळ असतो, म्हणून हे जास्त महत्त्वाचं.

खानापूरकर

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला मनापासून वेगळं वाटतं म्हणून लिहितो. सीमाभागात मराठीला जागा कमी कमी होत चालली आहे. पाट्या गेल्या, सरकारी कागद गेले, आमच्या खेड्यातल्या मराठी शाळेत पोरं मोजकी राहिली. मराठी सिनेमा लागला तर दिवसातून एखादा खेळ, तोही अडनिड्या वेळेला. अशा वेळी बायकांच्या वाचनालयात तरी निखळ मराठी असावं. कन्नड सिनेमाला थिएटर आहे, चॅनेल आहेत, सरकार आहे. मराठीला आपल्याशिवाय कोण आहे? 'श्वास' दाखवा, 'नाळ' दाखवा, 'बाईपण भारी देवा' दाखवा. बारा महिने पुरतील एवढे चांगले मराठी सिनेमे आहेत.

निपाणीकरीण

दादा, तुमची कळकळ कळते. माझ्या पोराच्या शाळेचं मीही बघतेय, त्यामुळं हे दुखणं मला लांबचं नाही. तुम्ही सांगितलेले तिन्ही सिनेमे लिहून घेतलेत. 'श्वास' तर नक्की, आजोबा आणि नातवाची गोष्ट समजायला भाषेची फार गरजही पडत नाही.

पण माझ्या माडीवर मराठी वाढायचं असेल तर ते कन्नड घरातल्या बायका तिथं आल्या तरच वाढेल, असं मला वाटतं. ज्या आज्जींना मी 'कन्नड सिनेमाही लावणार' म्हणाले त्यांनी लगेच विचारलं, मग मराठीच्या दिवशी मला कोण सांगणार? त्या यायला तयार आहेत, मराठी ऐकायला तयार आहेत. त्यांच्या भाषेला दारात उभं करून त्यांना आत बोलवायचं हे मला जमणार नाही. आमच्या वाचनालयात कन्नड पुस्तकं ठेवली तेव्हापासून मराठी पुस्तकं जास्त जातात, कारण माणसंच जास्त येतात. सासूबाई माझ्याकडून मराठी ऐकतात ते मी त्यांचं कन्नड ऐकते म्हणून. मी हे घरात बघितलंय, म्हणून एवढ्या ठामपणानं बोलते.

काका, सुलोचनाबाई खडकलाटच्या हे मला माहीतच नव्हतं! आमच्यात खडकलाटहून आलेल्या दोन सुना आहेत. त्यांना सांगितलं तर एकीला ठाऊक होतं, दुसरी उठून उभीच राहिली.

चिक्कोडीची अक्का

माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठीत आणि नोकरी कन्नड शाळेत. म्हणून मी दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

पहिला कन्नड सिनेमा 'गुलाबी टॉकीज' ठेवा. २००८, दिग्दर्शक गिरीश कासरवळ्ळी, मूळ कथा वैदेहींची. कुंदापूरकडच्या मासेमारी गावात गुलाबी नावाची मुसलमान सुईण आहे, सिनेमाची वेडी. एका बाळंतपणाच्या बदल्यात तिच्या घरी रंगीत टीव्ही आणि डिश येते आणि गावातल्या बायका तिच्या झोपडीत येऊन बसायला लागतात. जातीच्या, धर्माच्या, घरच्यांनी अडवलेल्या बायका. कारगिलचा काळ आहे, बाहेर वातावरण तापतंय, त्याचं पुढं काय होतं ते मी सांगत नाही. गुलाबीचं काम उमाश्री यांनी केलंय आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्याकडच्या कन्नड बायका त्यांना लगेच ओळखतील, कारण झी कन्नडवरच्या 'पुट्टक्कन मक्कळु' मधली पुट्टक्का त्याच. रोज संध्याकाळी जी बाई घरात दिसायची तिचं इतकं मोठं काम त्यांनी बघितलेलं नसेल.

एक गोष्ट आधीच सांगते. यातलं कन्नड किनाऱ्याकडचं आहे. आम्हा बेळगावच्या कन्नड लोकांनाही ते सगळं कळत नाही. तेव्हा त्या दिवशी मराठी बायकांइतकीच मदत कन्नड बायकांना लागेल. तुमच्या माडीसाठी मला ती चांगली गोष्ट वाटते. सगळ्याच जणी एकमेकींना विचारत बघतील.

आषाढात दाखवायला 'भक्त कुंभार' आहे, १९७४ चा. डॉ. राजकुमार त्यात गोरा कुंभार झालेत. आपल्या तेरढोकीच्या गोरोबाकाकांची गोष्ट, विठ्ठलाचा गजर, आणि सगळं कन्नडमध्ये. माझ्या आईनं हा सिनेमा कितीदा बघितला असेल याला गणती नाही. निपाणीहून पंढरीला जाणाऱ्या बायकांना गोष्ट आधीच ठाऊक आहे, त्यांना सांगणारीची गरजच लागणार नाही. त्याच्याआधी किंवा नंतर प्रभातचा 'संत तुकाराम' ठेवा, १९३६ चा. विष्णुपंत पागनीस तुकाराम आहेतच, पण गौरीबाईंची आवली बघा. घरात दाणा नाही आणि नवरा देवाच्या नादी, तिचा राग तुमच्या माडीवरच्या प्रत्येक बाईला कळेल. मी तर म्हणते सिनेमा तिचाच आहे. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं, परक्या मुलखातल्या लोकांनाही तो पोचला, मग आपल्या कन्नड आज्ज्यांना का नाही पोचणार?

भजनाची आवड असेल तर 'संत शिशुनाळ शरीफ' पण बघा, १९९० चा, नागाभरणांचा. शिशुनाळ हावेरी जिल्ह्यात. शरीफसाहेब मुसलमान, त्यांचे गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण, आणि गोविंद भट्टांचं काम गिरीश कार्नाडांनी केलंय. तुमच्यातल्या मुसलमान घरच्या बायकांसाठी मी हा मुद्दाम सुचवते. एरवी आपण त्यांच्यासाठी म्हणून काही निवडत नाही.

कार्नाड निघालेच आहेत तर 'उंबरठा'. १९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील. तिच्या नवऱ्याचं काम कार्नाडांनी केलंय. धारवाडला शिकलेला, कन्नड नाटकं लिहिणारा माणूस मराठी सिनेमात नवरा होतो आणि परका वाटत नाही. हा सिनेमा लगेच नको, चार-सहा महिने बायका रुळल्या की लावा. त्यानंतर गप्पांना वेळ ठेवा, कारण घर सोडून जाणारी नायिका बघून भांडणं होतील आणि ती व्हायला हवीत.

'कित्तूर चेन्नम्मा' चं नाव कुणी घेतलं नाही म्हणून घेते. १९६१, पंतुलूंचा, बी. सरोजादेवी राणी आहेत. कित्तूर आपल्याच जिल्ह्यात, राणीनं शेवटचा श्वास घेतला तो बैलहोंगलला. थोडी लढाई आहे, पण तेवढी चालवून घ्या.

कायद्याचं बघणारा

परवानगीबद्दल थोडक्यात. घरात बघायला घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीचं वर्गणीचं खातं सार्वजनिक ठिकाणी दाखवायला चालत नाही, तिकीट नसलं तरी नाही. हक्क ज्याच्याकडं असेल त्या निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या. छोट्या बिनतिकिटाच्या खेळासाठी विचारलं तर पुष्कळ जण आनंदानं देतात, विशेषतः कलात्मक सिनेमावाले.

जुन्यांचं सोपं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं असतो. म्हणजे 'संत तुकाराम' आणि 'माणूस' कधीचेच मोकळे झाले. 'कित्तूर चेन्नम्मा' २०२१ अखेर, 'मोलकरीण' २०२३ अखेर. 'भक्त कुंभार' १९७४ चा, त्याचा हक्क २०३४ अखेरपर्यंत आहे, तेव्हा त्याला विचारावं लागेल. 'गुलाबी टॉकीज', 'उंबरठा', 'श्वास' या सगळ्यांना विचारावंच लागेल.

कोल्हापूरहून एक सिनेमावेडी

सगळ्यांनी कथापट सांगितले. मला एक माहितीपट सांगायचा आहे, आणि तो निपाणीचाच आहे. 'तंबाकू चाकीला ऊब आली', १९८२ चा. युगांतर नावाचा बायकांचा गट होता, १९८० मध्ये स्थापन झालेला, दीपा धनराज त्यातल्या एक. त्यांनी निपाणीत येऊन तंबाखूच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांबरोबर हा सिनेमा केला. नटी कुणी नाही. बायका स्वतःच आहेत, स्वतः बोलतात, संघटना कशी उभी केली ते स्वतः करून दाखवतात, मराठीत. लांबी अर्ध्या तासाच्या आतली.

१९८१ चं निपाणीचं आंदोलन म्हटलं की सगळ्यांना शरद जोशी आणि रस्त्यावर बसलेले तंबाखू शेतकरी आठवतात. त्याच काळात वखारीत, धुरळ्यात बसून तंबाखू निवडणाऱ्या बायका पण उभ्या राहिल्या होत्या, ते फार थोड्यांच्या लक्षात आहे. हा सिनेमा त्याची साक्ष आहे. युगांतरच्या फिल्म अलीकडं दुरुस्त करून डिजिटल केल्या आहेत, त्यांच्याकडं लिहून विचारलंत तर मिळेल असं मला वाटतं. ताई, तुमच्या माडीवर विड्या वळणाऱ्या बायका बसतात असं तुम्ही लिहिलंत आणि मला राहवलं नाही. हा सिनेमा महोत्सवांत परदेशी लोकांनी बघितलाय. तो निपाणीच्या बायकांनी निपाणीत बघितला पाहिजे.

निपाणीकरीण

काय सांगू तुम्हाला. हे वाचून मी खाली शेजारच्या मावशींकडं गेले. त्यांनी परकरी पोर असल्यापासून वखारीत काम केलंय, अजून त्यांना धुरळ्याचा खोकला आहे. त्यांना सांगितलं की वखारीतल्या बायकांचा सिनेमा आहे. त्या आधी म्हणाल्या, आमचं कोण बघणार? मग गप्प बसल्या आणि थोड्या वेळानं एकेकीची नावं घ्यायला लागल्या, ही त्यात असेल, ती असेल, ती मोर्चात पुढं असायची. त्यातल्या काही आता नाहीत. मावशी स्वतः त्यात आहेत की नाही ते त्यांनाही आठवत नाही. पण ओळखीची तोंडं निघणार याबद्दल त्यांना शंका नाही. मी युगांतरच्या लोकांना रात्रीच पत्र लिहिलं.

तर पहिल्या रविवारचं ठरलं. ते 'हो' म्हणाले तर आधी निपाणीचा सिनेमा, मग चहा, मग 'मोलकरीण'. एका दिवशी निपाणी आणि खडकलाट. युगांतरचं उत्तर वेळेत आलं नाही तर एकटा 'मोलकरीण' लावू आणि निपाणीचा सिनेमा पुढच्या खेपेला. कन्नडसाठी 'गुलाबी टॉकीज' च्या परवानगीचं पत्र अक्का लिहून देते म्हणाल्या आहेत, बेंगळुरूला कन्नडमध्ये गेलेलं बरं. अक्का, तुम्ही त्या दिवशी स्वतः या आणि सांगणारी म्हणून बसा, चिक्कोडीहून गाड्या भरपूर आहेत. खानापूरकर दादा, 'श्वास' च्या दिवशी तुम्ही घरच्या बायकांना घेऊन या, जेवायची सोय आमच्याकडं.

सांगणारी म्हणून मराठीच्या दिवशी माझ्या सासूबाई बसणार आहेत. त्यांनी स्वतःहून विचारलं. काकांची सूचना मी त्यांना सांगितली, पात्र बोलत असताना बोलायचं नाही. त्या म्हणाल्या, ते बघू.

काळं कापड मिळालं, बिनशिवणीची चादर एका मंडपवाल्यानं दिली. स्पीकर मात्र आमच्याकडं एकच आहे आणि तोही फुटका वाजतो. निपाणी-चिक्कोडी भागात कुणाकडं चांगला स्पीकर असेल तर रविवारपुरता द्या, वेळ दुपारी दोन ते पाच, आणायला आणि पोचवायला आम्ही येऊ.